हार्ड डिस्क बंद पडली? पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका! डेटा परत मिळवण्याची सविस्तर माहिती

शिरगाव (बदलापूर पूर्व) : किराणा दुकानाची उधारी, दूध संस्थेचा हिशोब, बचत गटाच्या नोंदी, फोटो स्टुडिओतली लग्नं, पोरांचे प्रोजेक्ट, जत्रेचे व्हिडिओ. हल्ली हे सगळं धातूच्या एका छोट्या डबीत बसलेलं असतं. ती डबी म्हणजे हार्ड डिस्क. कंपनी कुठलीही घ्या, किंमत कितीही मोजा, ती एक ना एक दिवस बंद पडतेच.

बंद पडली की आपण काय करतो? वायर काढतो, परत लावतो. हाताने थोपटून बघतो. शेजारचा पोरगा येतो, तो अजून चार वेळा चालू करतो. मग कोणी सांगतो फ्रीजमध्ये ठेव, कोणी सांगतो फॉरमॅट मारून बघ. संध्याकाळपर्यंत जो डेटा सहज परत आला असता, तो कायमचा जातो.

डिस्क बंद पडली म्हणजे डेटा गेला असं नसतं. बऱ्याच वेळा तो आत जसाच्या तसा असतो आणि नंतरच्या खटपटीत त्याचा नाश होतो. म्हणून पहिल्या तासात काय करायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे. ज्याच्या डिस्कवर गेलेल्या आईचा किंवा बापाचा आवाज असलेला एकमेव व्हिडिओ आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

डबीच्या आत काय असतं?

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत, आरशासारख्या चकत्या असतात. ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या, वर चुंबकीय थर दिलेल्या. घरच्या मोठ्या संगणकातली डिस्क साधारण मिनिटाला ७,२०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. लॅपटॉपमधली किंवा खिशात मावणारी पोर्टेबल डिस्क बहुतेक ५,४०० फेऱ्यांची असते. या चकत्यांवर एक बारीक हेड फिरतं, तेच लिहितं आणि तेच वाचतं.

हे हेड चकतीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर ते काही नॅनोमीटर वर तरंगतं. माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. आता विचार करा, हेड आणि चकती यांच्यात धुळीचा एक कण आला तर काय होईल? भरधाव गाडीसमोर दगड आल्यासारखं. म्हणून घरात स्क्रू काढून डिस्क उघडायची नसते. एकदा उघडून धूळ बसली की चांगल्या लॅबचंही काम दहापट अवघड होतं.

'डिलीट' म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेत उडून जात नाही. जमीन तिथंच असते, उभं पीकही असतं. फक्त कागदावर ती जागा मोकळी दिसते. पण दुसऱ्या कोणी येऊन त्यात नांगर घातला की आधीचं पीक गेलं.

हार्ड डिस्कमध्ये तसंच होतं. फाईल डिलीट केली की संगणक तिची नोंद काढतो आणि 'ही जागा मोकळी' असं मानतो. फाईल मात्र चकतीवर तशीच असते. नंतर तुम्ही नवा पिक्चर डाउनलोड केला, फोटो कॉपी केले, नुसता संगणक चालू ठेवला, तरी त्या जागेवर नवं लिहिलं जाऊ शकतं. एकदा वर लिहिलं गेलं की जुनं परत येत नाही.

फॉरमॅटचंही असंच. 'क्विक फॉरमॅट' फक्त नोंदवही कोरी करतो, त्यामुळे त्यानंतरही बराच डेटा परत येऊ शकतो. पण विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट केला की सगळ्या डिस्कवर शून्य लिहिलं जातं. त्यानंतर काही उरत नाही. 'क्विक'ची खूण काढून कोणी फॉरमॅट मारत असेल तर त्याचा हात धरा.

बिघाड दोन प्रकारचे

पहिला प्रकार नोंदींचा बिघाड. डिस्क फिरते, संगणकाला दिसते, पण फोल्डर उघडत नाही, किंवा 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा संदेश येतो. चुकून डिलीट झालं, वीज गेल्यामुळे नोंद अर्धवट राहिली, व्हायरस आला, हे सगळं यात येतं. यात डेटा परत मिळण्याची आशा चांगली असते.

दुसरा प्रकार यंत्राचा बिघाड. हेड मोडलं, मोटर जाम झाली, सर्किट जळलं, चकतीवर ओरखडा पडला. यात घरी काहीही करता येत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर मोडलेलं हेड जोडू शकत नाही.

कोणता बिघाड आहे हे कानाने बरंचसं कळतं. डिस्क कानाजवळ न्या आणि एकदाच, फार तर अर्धा मिनिट ऐका.

- टक, टक, टक असा सारखा आवाज : हेड खराब झालं आहे किंवा त्याला चकतीवरची खूण सापडत नाही. ताबडतोब बंद करा.
- खरखर, घासल्यासारखा आवाज : हेड चकतीला घासत आहे. प्रत्येक सेकंदाला डेटाचा भुगा होतो आहे असं समजा. वायर ओढून काढली तरी चालेल.
- बीप बीप किंवा गुंई करून थांबणं : मोटर फिरू पाहते पण फिरत नाही. हेड चकतीला चिकटलं असेल किंवा मोटर अडकली असेल. पोर्टेबल डिस्क हातातून पडली की बहुतेक हाच आवाज येतो.
- काहीच आवाज नाही : वायर, अडॅप्टर किंवा सर्किट यांपैकी काहीतरी गेलं आहे. आतला डेटा सुखरूप असण्याची शक्यता चांगली.
- आवाज नेहमीसारखा, पण फार हळू चालते : चकतीवरचे काही भाग खराब होत आहेत. डिस्क मरणपंथाला आहे, पण अजून बोलते आहे. हीच वेळ सर्वात मोलाची.

पहिल्या तासात काय कराल?

१. संगणक बंद करा. डिस्क काढून बाजूला ठेवा. परत परत चालू करून 'या वेळी लागेल' अशी आशा धरू नका.

२. विचित्र आवाज नसेल तरच दुसरी वायर आणि दुसरा पोर्ट बघा. मोठ्या संगणकाच्या पुढच्या यूएसबी पोर्टला कधी कधी वीज कमी मिळते, मागचा पोर्ट वापरा. वेगळा अडॅप्टर असलेली डिस्क असेल तर तितक्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. पुष्कळदा बिघाड वायरचाच निघतो आणि शंभर-दोनशे रुपयांत काम होतं.

३. 'फॉरमॅट करा' असा संदेश आला तर 'कॅन्सल' दाबा. काहीही झालं तरी 'हो' म्हणू नका.

४. 'चेकडिस्क' चालवू नका. विंडोज स्वतःहून ते सुरू करत असेल तर थांबवा. चेकडिस्कचं काम नोंदवही नीटनेटकी करण्याचं. ते करताना तुटक्या नोंदी ते कायमच्या कापूनही टाकतं. मरणाऱ्या डिस्कवर ते चालवणं म्हणजे आजारी बैलाला नांगराला जुंपणं.

५. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका. जिथून फाईल गेली तिथंच नवं लिहिलं तर तीच जागा भरली जाईल.

६. डिस्क आपटू नका, थोपटू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजमधून बाहेर काढली की चकतीवर दव धरतो. पेल्यावर धरतो तसाच. ओल्या चकतीवर हेड फिरलं की खेळ संपला.

पुराच्या पाण्यात डिस्क बुडाली तर

आपल्या भागाला हे मुद्दाम सांगायला हवं. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पाण्याने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये परत पाणी आलं. कर्जत-नेरळकडे धो धो पाऊस झाला की इथे पाणी चढतं. तळमजल्यावरचं दुकान, सोसायटीचं ऑफिस, टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला संगणक, हे सगळं आधी बुडतं.

पाणी ओसरल्यावर मंडळी सर्वात आधी काय करतात? उन्हात वाळवतात, पंख्याखाली धरतात, केस वाळवायचं मशीन फिरवतात, तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि दोन दिवसांनी चालू करून बघतात. हे सगळं टाळा.

बहुतेक हार्ड डिस्कला हवा आतबाहेर होण्यासाठी एक बारीक छिद्र असतं. त्यातून पाणी आत जातं. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, त्यात गाळ, तेल, गटाराची घाण असते. ते वाळलं की चकतीवर पापुद्रा धरतो. भांड्याला लागलेला भात ओला असताना चटकन निघतो, वाळल्यावर घासावा लागतो, तसंच हे. आणि चकती घासून चालत नाही.

म्हणून भिजलेली डिस्क चालू न करता, न वाळवता, हवाबंद पिशवीत ओलसर फडक्यासकट ठेवा आणि लवकरात लवकर डेटा रिकव्हरी लॅबमध्ये पोचवा. तिथे ती उघडून, शास्त्रीय पद्धतीने धुऊन मग वाचली जाते. नेताना 'पुराच्या पाण्यात भिजली आहे, चालू केलेली नाही' एवढं स्पष्ट सांगा.

इतक्या वाईट अवस्थेतून डेटा येतो का? जगातलं एक गाजलेलं उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचं कोलंबिया अंतराळयान परत येताना आकाशात फुटलं. त्यात आपल्या भारतात जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यानातली एक हार्ड डिस्क टेक्सासमध्ये कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. जळालेली, प्लास्टिकचे भाग वितळलेले, आत धूळ शिरलेली. तज्ज्ञांनी चकत्या काढून साफ केल्या, दुसऱ्या यंत्रात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा बाहेर काढला. त्यावरून २००८ मध्ये त्या प्रयोगाचा शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध झाला. ती डिस्क कोणी मध्येच चालू करून बघितली नव्हती, हे लक्षात घ्या.

घरी काय करता येतं?

डिस्क पडलेली नाही, भिजलेली नाही, आवाज नेहमीसारखा आहे आणि संगणकाला दिसते आहे, तरच पुढचं वाचा. नसेल तर हा भाग सोडून द्या.

*पहिली पायरी – दुसऱ्या संगणकाला जोडा.* बिघडलेल्या डिस्कवरून विंडोज चालू करू नका. ती दुसऱ्या चांगल्या संगणकाला जादा डिस्क म्हणून जोडा.

*दुसरी पायरी – तब्येत बघा.* 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर चांगल्या संगणकावर चालवा. ते डिस्कने स्वतः ठेवलेली नोंद वाचून 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असं दाखवतं. 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' किंवा 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स काउंट' हे आकडे वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरलेत. हे सॉफ्टवेअर डिस्कवर काही लिहीत नाही.

*तिसरी पायरी – पूर्ण नक्कल काढा.* जाणकार माणूस आणि साधा माणूस यांच्यातला खरा फरक इथे आहे. जाणकार कधीही आजारी डिस्कवर थेट काम करत नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घेतो आणि पुढची सगळी खटपट त्या नकलेवर करतो. त्यासाठी लिनक्सवर चालणारं 'डीडीरेस्क्यू' हे मोफत साधन आहे. ते आधी डिस्कचे चांगले भाग पटापट वाचून घेतं, खराब भाग सोडून देतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथून पुढे सुरू करता येतं. चांगल्या एक टीबी डिस्कची नक्कल काही तासांत होते, खराब डिस्कला कित्येक दिवस लागू शकतात.

एक धोका मोठा आहे. कुठून घ्यायचं आणि कुठे लिहायचं हे उलटं दिलं तर कोऱ्या डिस्कची नक्कल तुमच्या डेटावर बसेल. हात बसलेला नसेल तर संगणक शिकलेल्या माणसाला बरोबर घ्या. दोन्ही डिस्कचे नंबर कागदावर लिहून, दोघांनी मोठ्याने वाचून मगच बटण दाबा.

*चौथी पायरी – नकलेतून फाईल काढा.* पार्टिशन हरवलं असेल तर 'टेस्टडिस्क', फोटो-व्हिडिओ हवे असतील तर 'फोटोरेक'. दोन्ही मोफत आहेत. फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही, फाईलच्या सुरुवातीच्या खुणेवरून फाईल ओळखतं. त्यामुळे नोंदवही उडाली तरी फोटो निघतात, पण जुनी नावं आणि फोल्डर येत नाहीत. हजारो फोटो नुसत्या नंबरांनी येतील. बसून निवडावे लागतील, तांदळातले खडे निवडतात तसे. नुकतीच डिलीट झालेली साधी फाईल असेल तर 'रिकुव्हा' वापरायला सोपं आहे.

*पाचवी पायरी – उघडून बघा.* नाव आणि आकार बरोबर दिसला म्हणजे फाईल चांगली आहे असं नाही. महत्त्वाची प्रत्येक फाईल उघडा. लग्नाचा व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा. हे होईपर्यंत जुनी डिस्क फेकू नका.

लॅबमध्ये काय करतात?

हेड गेलेलं असेल तर लॅबमध्ये धूळविरहित जागेत डिस्क उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चांगल्या डिस्कमधून हेड काढून बसवतात, आणि ते टिकेल तेवढ्या वेळात नक्कल काढतात. म्हणजे एक डिस्क बळी देऊन दुसरी वाचवतात. खर्च वाढतो तो इथे.

वीज पडून किंवा जास्त व्होल्टेजने सर्किट जळलं तर अनेक जण सांगतात की तशाच डिस्कचं हिरवं सर्किट लावा. जुन्या काळी हे चालायचं. आताच्या प्रत्येक डिस्कच्या सर्किटवर एका छोट्या चिपमध्ये त्या डिस्कपुरत्या खास नोंदी असतात. ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या सर्किटवर न्यावी लागते. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तर सर्किटच डेटाला कुलूप लावतं, त्यामुळे जुनं सर्किट फेकून दिलं तर किल्लीच फेकल्यासारखं होतं. जळकं सर्किटही जपून ठेवा.

चकतीवरचा थरच खरवडला गेला असेल तर मात्र जगातली कुठलीही लॅब तिथला डेटा आणू शकत नाही. 'शंभर टक्के गॅरंटी' असं डिस्क न बघता फोनवर सांगणाऱ्यापासून दूर राहा.

दुकानात देण्याआधी हे विचारा

संगणक दुरुस्त करणारा आणि डेटा काढणारा हे दोन वेगळे कारागीर आहेत. ट्रॅक्टरचा मिस्त्री आणि गुरांचा डॉक्टर जेवढे वेगळे तेवढे. बदलापूर, उल्हासनगर किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला डिस्क देताना पुढचं विचारून घ्या.

- डिस्क तुम्हीच उघडणार की पुढे दुसऱ्याकडे पाठवणार? पाठवणार असाल तर कुठे?
- उघडायची धूळविरहित सोय आहे का?
- तपासणीचे किती? डेटा मिळाला नाही तर पैसे किती? हे पावतीवर लिहून द्या.
- काम सुरू करायच्या आधी खर्चाचा आकडा सांगणार का? साधं काम थोडक्यात होतं, हेड बदलायचं काम कित्येक हजारांत जातं. आकडा ऐकून 'नको' म्हणायचा हक्क तुमचा आहे.
- मिळालेल्या फाईलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का?
- काम झाल्यावर तुमच्याकडची नक्कल पुसणार का?

पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि डिस्कचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. घरातल्या बाया-मुलींचे फोटो, बँकेची कागदपत्रं त्यात असतात, म्हणून माणूस विश्वासाचा बघा. वॉरंटीत डिस्क असेल तर कंपनी नवी डिस्क देईल, पण वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते. बदलून घेतली की जुनी गेली आणि तिच्यातलंही गेलं. आधी ठरवा, डिस्क हवी की आतलं हवं.

नवीन लॅपटॉप असेल तर अजून एक गोष्ट. काही विंडोज लॅपटॉपमध्ये 'बिटलॉकर'सारखं कुलूप आपोआप लागलेलं असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती नसेल तर डिस्क दुरुस्त होऊनही आतलं वाचता येत नाही. आजच ती की वहीत लिहून ठेवा.

एसएसडी, मेमरी कार्ड आणि मोबाईल

एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती पडून सहसा बिघडत नाही आणि वेगवान चालते. पण डिलीटच्या बाबतीत ती हार्ड डिस्कपेक्षा कडक आहे. 'ट्रिम' नावाच्या सोयीमुळे डिलीट केलेली जागा ती स्वतःहून साफ करते. त्यामुळे एसएसडीवरून उडालेली फाईल बहुतेक वेळा परत येत नाही. आणि ती मरते तेव्हा हार्ड डिस्कसारखा आवाज करून इशाराही देत नाही.

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह यांवरून चुकून डिलीट झालेले फोटो फोटोरेकने पुष्कळदा निघतात. अट तीच, कार्ड लगेच काढून ठेवा, एकही नवा फोटो काढू नका.

मोबाईलच्या आतल्या मेमरीला कुलूप असतं, त्यातून उडालेलं परत मिळणं कठीण. मात्र आधी गुगल फोटोजचा 'ट्रॅश' बघा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात, बॅकअप न झालेले ३० दिवस. 'सगळे फोटो परत आणतो' म्हणून भलत्या परवानग्या मागणारे ॲप घेऊ नका, आणि फोनवरून 'स्क्रीन शेअर करा' म्हणणाऱ्याला तर मुळीच हो म्हणू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

चोरी झाली आणि सीसीटीव्हीचं फुटेज हवंय?

डीव्हीआरची डिस्क भरली की तो जुन्या फुटेजवर नवं लिहीत जातो. म्हणून घटना घडली की आधी त्या वेळेचं फुटेज पेनड्राइव्हवर काढा. जमत नसेल तर रेकॉर्डिंग बंद करा. डीव्हीआरची डिस्क काढून संगणकाला लावू नका, कारण तिची मांडणी वेगळी असते आणि विंडोज लगेच 'फॉरमॅट करू का?' विचारतं. प्रकरण पोलिसात जाणार असेल तर स्वतः खटपट करू नका, डिस्क पंचनाम्यात द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. मध्ये कोणी हात घातला तर समोरचा वकील तेच धरतो.

जे शोधायची गरजच नाही

लॅबला पैसे देण्याआधी यादी करा. त्यातलं बरंच दुसरीकडे असतं.

- सातबारा, आठ अ, फेरफार : महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचे मिळतात.
- दहावी-बारावीची गुणपत्रिका, वाहन परवाना, आधार : डिजिलॉकरमध्ये.
- खरेदीखताची सूची दोन : नोंदणी व मुद्रांक विभागाकडे.
- जीएसटीची भरलेली विवरणपत्रं : जीएसटी पोर्टलवर.
- बँकेचे व्यवहार : बँकेतून.
- संस्थेचा मागचा ताळेबंद : लेखापरीक्षकाकडे.
- लग्नाचे फोटो : पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये आणि जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

हे वजा केल्यावर जे उरतं, त्याची किंमत तुम्हीच ठरवा. पाच वर्षांची उधारी असेल किंवा वडिलांचा आवाज असेल, तर लॅबचा खर्च करावा. डाउनलोड केलेली गाणी असतील तर सोडून द्यावं.

दुसरी प्रत हाच खरा उपाय

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरची आग वर पसरली, माणसांचे जीव गेले आणि फाईलींचे ढीग जळाले. ज्या कागदाची दुसरी प्रत जिल्ह्यात किंवा संगणकात होती, तो पुन्हा उभा करता आला. ज्याची नव्हती, तो गेला. राज्याच्या कारभाराला जे लागू, तेच आपल्या दुकानाला लागू.

बॅकअपचा साधा नियम ३-२-१ असा सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. गावच्या हिशोबात सांगायचं तर एक प्रत संगणकात, एक पोर्टेबल डिस्कवर, आणि एक ऑनलाइन किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. नातेवाईक नदीकाठचा नको. गुगल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते. सगळे व्हिडिओ मावणार नाहीत, पण हिशोब, कागदपत्रं आणि निवडक फोटो आरामात मावतात.

अजून तीन गोष्टी. एकच पोर्टेबल डिस्क घेऊन संगणकातलं सगळं त्यात हलवलं आणि संगणकातलं पुसलं, तर तो बॅकअप होत नाही, प्रत एकच राहते. कपाटात ठेवलेली डिस्कही खराब होते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी लावून दोन-चार फाईली उघडून बघा. आणि बॅकअप झाला की डिस्क संगणकापासून काढून ठेवा, नाहीतर वीज पडली किंवा व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातील.

दुकानदार आणि संस्थांनी आठवड्यातला एक वार ठरवावा. घरच्यांनी महिन्यातून एकदा केलं तरी पुरे. तळमजल्यावर संगणक असेल तर जूनच्या आधी तो जमिनीवरून उचलून उंचावर ठेवा, आणि पाणी चढायला लागलं की टीव्ही-फ्रीजच्या आधी डिस्क वर न्या. टीव्ही बाजारात परत मिळतो.

ही माहिती फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि गावच्या ग्रुपवर पाठवा. डिस्क बंद पडेल त्या दिवशी शोधत बसायला वेळ नसतो.